‘सांड, अजून सांड!’ म्हटल्यावर मूल खरंच सांडत असेल तर

जेवताना पाच वर्षांच्या मुलाच्या हातून ताक सांडतं. आई म्हणते, "शाब्बास! सांड, अजून सांड." पोरगं एकदा आईकडे बघतं, एकदा वाटीकडे बघतं, आणि उरलेलं ताकही ओतून देतं. पुढे जे व्हायचं ते होतं. आईला वाटतं हा माझी टिंगल करतोय, पोराला कळतच नाही की सांगितलं तेच केलं तर धपाटा का पडला, आणि आतल्या खोलीतून आजीचा आवाज येतो की फार लाडावून ठेवलाय.

असे किस्से आपण हसायला म्हणून सांगतो. पण ज्या घरात असं मूल आहे, म्हणजे बोललेलं प्रत्येक वाक्य अगदी शब्दाला शब्द धरून घेणारं, तिथे हे रोज सकाळ-संध्याकाळ चालतं आणि तिथल्या आईबापांना त्यात फारसं हसू येत नाही. त्यांचा प्रश्न साधा असतो, हा हट्टी आहे, भाबडा आहे, की काही प्रॉब्लेम आहे, आणि यातलं काहीही असलं तरी याला शिस्त लावायची कशी. माझं मत आधीच सांगून टाकते, बहुतेक वेळा असं मूल आज्ञा मोडत नसतं, ते आपलं वाक्य तंतोतंत पाळत असतं, आणि आपण मराठी माणसं रागावताना जी वाक्यं बोलतो ती पाळण्यासारखी नसतातच मुळी.

वाक्य एकच, अर्थ दोन

कुठल्याही वाक्याला एक शब्दांचा अर्थ असतो आणि एक बोलणाऱ्याच्या मनातला. "मीठ देतोस का?" हा शब्दांनी पाहिलं तर प्रश्न आहे, उत्तर हो किंवा नाही. पण आपण कोणी "हो" म्हणून पुढे जेवत बसत नाही, मिठाची बरणी सरकवतो. या दोन अर्थांमधलं अंतर माणसं कशी पार करतात याचा अभ्यास करणारी भाषाशास्त्राची एक शाखाच आहे, प्रॅग्मॅटिक्स म्हणतात तिला, लेखातला हा एकच जड शब्द आणि तोही विसरलात तरी चालेल कारण मी पुढे ‘मनातला अर्थ’ एवढंच म्हणणार आहे.

पॉल ग्राइस नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाचा १९७५ साली एक निबंध छापून आला, त्यात त्याने सांगितलं की ऐकणारा माणूस मनात एक गोष्ट धरून चालतो, की समोरचा काहीतरी कामाचंच बोलतोय. त्यामुळे शब्द प्रसंगाशी जुळले नाहीत तर ऐकणारा लगेच ताडतो की याला दुसरंच काहीतरी म्हणायचंय. ताक सांडल्यावर कोणी कौतुक करेल का? नाही. म्हणजे ही चिडलीय. झालं.

मोठ्यांना यासाठी विचारसुद्धा करावा लागत नाही, पण यात किती गोष्टी एकदम बघाव्या लागतात ते बघा: आवाजाचा सूर, भुवया, आत्ताच काय घडलं, आईला काय आवडतं, आणि आईची अशी समजूत आहे की मला हे कळेल. जुन्या रेसिपीत "मीठ चवीपुरतं, तिखट बेताने, खमंग होईपर्यंत परता" असं लिहिलेलं असतं ना, रोज स्वयंपाक करणारीला ती रेसिपी पूर्ण वाटते, आणि ज्याने आयुष्यात पहिल्यांदा गॅस पेटवलाय तो चमचा हातात धरून उभा असतो की बेताने म्हणजे नक्की किती. लहान मूल हा दुसरा माणूस आहे. त्यातली काही मुलं अंदाजाने टाकतात आणि निभावून नेतात, काही मुलांना अंदाज हा प्रकारच मान्य नसतो.

कुठल्या वयाला काय कळतं

१९८३ मध्ये हाइन्झ विमर आणि जोसेफ पर्नर या दोन संशोधकांनी मुलांना मॅक्सी नावाच्या पोराची गोष्ट सांगितली. मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात हलवते, आता मॅक्सी परत आल्यावर चॉकलेट कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं बिनधास्त सांगतात, दुसऱ्या कपाटात, कारण ते तिथेच तर आहे! दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळी (आणि चुकीची) माहिती असू शकते हे साधारण चार-पाच वर्षांच्या पुढे पक्कं होत जातं.

टोमणा कळायला याच्याही पुढची पायरी चढावी लागते. "शाब्बास, सांड अजून" हे खरं नाही, पण खोटंही नाही, कारण आईला मला फसवायचं नाहीये, तिला हवंय की मी उलटा अर्थ घ्यावा. म्हणजे ‘आईला काय वाटतं की मला काय वाटेल’ इथपर्यंत जावं लागतं. हे साधारण सहा-सातच्या आसपास सुरू होतं आणि नीट मुरायला आणखी काही वर्षं जातात. म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलाला टोमणा मारणं हे भिंतीला सांगण्यासारखंच, फक्त भिंत ताक ओतत नाही.

आणि हे फक्त टोमण्यांपुरतं नाही. फ्रान्समध्ये इरा नोव्हेक यांनी २००१ साली एक गमतीशीर गोष्ट दाखवली. "काही जिराफांची मान लांब असते" हे वाक्य बरोबर की चूक असं विचारलं तर मोठ्यांपैकी बरेच जण म्हणतात चूक, कारण सगळ्यांचीच असते. सात-आठ वर्षांची मुलं मात्र बहुतेक म्हणतात बरोबर. आणि काटेकोर तर्काने मुलांचंच बरोबर आहे, सगळ्यांची लांब असेल तर काहींची असतेच की. आता घरात या. "दोन-चार लाडू घे" म्हटल्यावर ज्याने डबा रिकामा केला त्याने दोन-चार घेतलेच होते, पुढचे पण घेतले एवढंच.

तेव्हा पहिला हिशोब हा, की सहा वर्षांपर्यंत शब्द धरून बसणं यात वेगळं काही नाही. काही मुलांत ते जास्त असतं, जास्त काळ टिकतं, आणि अशी मुलं पुष्कळदा आकडे, नियम, गाड्यांचे नंबर, कुठली लोकल कुठल्या स्टेशनला थांबत नाही यात एकदम तरबेज असतात.

आपलं रागावणं जरा ऐकून बघा

आता खरा मुद्दा. एक दिवस घरात मुलांना काय काय बोललं जातं ते कान देऊन ऐका, मी तर म्हणते फोनवर रेकॉर्ड करा आणि रात्री ऐका. सरळ सांगितलेलं वाक्य शोधावं लागेल.

पहिला प्रकार टोमण्यांचा. "तोड, सगळी खेळणी तोड." "जा, आता चिखलातच लोळ." "झोपूच नकोस आज." "हो, भिंतीवरच काढ चित्रं, कागद कशाला हवाय." यातलं प्रत्येक वाक्य व्याकरणाने परवानगी आहे, किंबहुना हुकूम आहे. शब्द धरणारं मूल खूष होतं की आज आई अचानक चांगली झाली, आणि दहा सेकंदांनी त्याच आईचा हात पाठीत बसतो. यातून त्याला कळतं ते असं की आईच्या शब्दांचा भरवसा नाही. हे काही आपल्याला शिकवायचं नव्हतं.

दुसरा प्रकार प्रश्नांचा, ज्यांना उत्तर नको असतं. "किती वेळा सांगितलं तुला?" यावर आमच्या ओळखीतल्या एका चिमुरडीने बोटं मोजून सांगितलं, "चार." तिला उद्धटपणाबद्दल ओरडा बसला, तिने खरं तर प्रामाणिकपणे आठवून सांगितलं होतं. "परत करशील?" याला "हो" येतं. "येऊ का मी तिकडे?" याला "ये ना" येतं. "तुला कान आहेत की नाहीत?" यावर मूल कान दाखवतं. आणि सगळ्यात रोजचं म्हणजे "आता अभ्यासाला बसायचं का?" मूल म्हणतं "नाही", आणि इथे तर तुम्ही स्वतःच पर्याय दिलेला आहे.

तिसरा प्रकार धूसर हुकमांचा. नीट वाग. शहाण्यासारखं बस. अति करू नको. पाहुण्यांसमोर शोभेल असं वाग. बघायला गेलं तर हे सगळ्यात कमी त्रासदायक, पण कामाचं काहीच नाही, कारण नीट म्हणजे काय ते त्यात सांगितलेलंच नाही.

चौथा प्रकार धमक्यांचा आणि यावर मी जरा जास्त बोलणार. तंगडं तोडून हातात देईन, जीभ हासडीन, उलटं टांगीन, घराबाहेर काढीन, होस्टेलला टाकीन, बागुलबुवा येईल, डॉक्टर मोठ्ठं इंजेक्शन देतील, पोलीसमामा धरून नेतील. आणि आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांची लाडकी थाप, "तू आमची नाहीसच, तुला बोहारणीकडून जुन्या साड्यांवर घेतलंय." सूर ओळखणारं मूल यावर फुरंगटतं आणि विसरतं. शब्द धरणारं मूल रात्री जागं राहतं. ते विचारत नाही, कारण विचारलं तर खरंच देऊन टाकतील. दारावर बोहारीण आली की ते पलंगाखाली जातं आणि घरचे हसतात. (त्या बाईचा यात काय दोष हेही कधी कोणी विचारत नाही, उन्हातान्हात भांड्यांची पाटी घेऊन फिरायचं आणि वर प्रत्येक घरात राक्षसीण व्हायचं.)

पोलिसांची भीती तर चक्क धोक्याची आहे. समजा गणपतीच्या गर्दीत, दादर स्टेशनवर, पंढरपूरच्या वारीत मुलाचा हात सुटला, तर त्याने जायचं कोणाकडे? खाकी कपड्यातल्या माणसाकडे. हरवलेल्या मुलांसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे, स्टेशनवर रेल्वे पोलीस असतात, गणपतीत मंडळांचे आणि पोलिसांचे मदतीचे मांडव असतात, आणि हे सगळं निरुपयोगी ठरतं जर मुलाला घरातूनच पक्कं शिकवलं असेल की पोलीस त्रास देणाऱ्या मुलांना पकडतात आणि आत्ता तर मी आईचा हात सोडलाय. शब्द धरणारं मूल अशा वेळी लपून बसतं. डॉक्टरचंही तेच, इंजेक्शनच्या धमकीवर वाढलेलं पोर खरोखर ताप आला की तोंड उघडत नाही.

मग बोलायचं कसं

पहिलं काम, काय करू नको याच्या ऐवजी काय कर ते सांगा. अलेक्झांडर लुरिया या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञाचे जुने प्रयोग आहेत, मुलाच्या हातात रबरी फुगा द्यायचा आणि सांगायचं की एका रंगाचा दिवा लागला तर दाब, दुसऱ्या रंगाचा लागला तर दाबू नको. तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांना सूचना लक्षात असते, पण हात थांबत नाही. थांबवणं ही मेंदूची वेगळी क्षमता आहे आणि ती कपाळामागच्या भागात सावकाश तयार होते. म्हणून रस्त्यावर "पळू नको" पेक्षा "माझं बोट धरून चाल" हे चांगलं चालतं. "ओरडू नको" याच्या जागी "हळू आवाजात बोल, असं" आणि स्वतः तसं बोलून दाखवायचं. "पसारा करू नको" याच्या जागी "ठोकळे लाल डब्यात टाक". हे वाचायला सोपं वाटतं पण तोंडाला सवय व्हायला वेळ लागतो, आपल्या तोंडात ‘नको’ इतका बसलेला आहे.

प्रश्न आणि हुकूम वेगळे करा. पर्याय नसेल तर विचारूच नका. "आता आंघोळ." पर्याय द्यायचाच तर खरा द्या, आंघोळ आधी की दूध आधी.

वेळ सांगताना आपण फार फेकतो. "एक मिनिट थांब" म्हणून आपण फोनवर वीस मिनिटं बोलतो, आणि मूल साठ आकडे मोजून आलं की त्यालाच ओरडतो. या मुलांना दिसेल किंवा ऐकू येईल अशी खूण द्या. घड्याळाचा मोठा काटा सहावर आला की. हे गाणं संपलं की. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की टीव्ही बंद, हे तर मराठी घरात फुकट मिळणारं टायमर आहे, फक्त एखादी शिट्टी अर्धवट फुसफुसली तर ती धरायची का यावर वाद घालायची तयारी ठेवा.

नियमातल्या पळवाटा हा या मुलांचा खास प्रांत. "सोफ्यावर उड्या मारायच्या नाहीत" सांगितलं की पलंगावर उड्या सुरू. "ताईला हाताने मारायचं नाही" सांगितलं की लाथ. आपलं डोकं फिरतं, पण कोर्टात हाच मुद्दा वकिलाने मांडला तर आपण त्याला हुशार म्हणतो! उपाय असा की वस्तूचं नाव घेऊन नियम करण्यापेक्षा कारण घेऊन करा: "दुसऱ्याला दुखेल असं काही करायचं नाही, हाताने नाही, पायाने नाही, वस्तू फेकून नाही." आणि उड्या मारायची जागा कुठे आहे तेही सांगा, खाली अंगणात, गादी जमिनीवर टाकली असेल तेव्हा, जे काय असेल ते. तरी पळवाट सापडली तर चिडू नका, "बरोबर, हे मी सांगितलं नव्हतं, आता सांगते" म्हणा आणि नियम वाढवा. पळवाट सापडलेल्या वेळेची शिक्षा मात्र करायची नाही, कारण त्याच्या लेखी त्याने नियम मोडलेलाच नाही आणि या मुलांना अन्याय फार लागतो.

शिक्षेचं म्हणाल तर बोललात ते करा, आणि करता येईल तेवढंच बोला. "आता आयुष्यात टॅब मिळणार नाही" म्हणून दुसऱ्या दिवशी प्रवासात स्वतःच टॅब हातात देणारे आपणच असतो. एका मुलासाठी त्याचा अर्थ होतो की आईचं काही मनावर घ्यायचं नसतं, शब्द धरणाऱ्या मुलासाठी मात्र मधली अख्खी रात्र आयुष्यभराच्या शिक्षेची जाते. "आज संध्याकाळी टॅब नाही, उद्या सकाळी मिळेल" हे पुरे आहे. छोटं, लगेच होणारं, संपणारं.

‘सॉरी’चं एक वेगळंच प्रकरण असतं. ही मुलं सॉरीला पावतीसारखी वापरतात, मारलं, सॉरी म्हटलं, हिशोब मिटला, परत मारलं. त्यांना सॉरीच्या जोडीला हाताने करायचं काहीतरी द्या, ताईचा पाडलेला मनोरा परत रचून दे, तिला पाणी आणून दे, सांडलेलं ताक फडक्याने पूस. ताक पुसणं ही शिक्षा म्हणून नाही, सांडलं तर पुसायचं असतं म्हणून.

आणि एक तयारी ठेवा, हे नियम तुमच्यावरही लागणार आहेत. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे याने १९३२ साली नोंदवलं होतं की लहान मुलं हेतू न बघता नुकसान बघतात: एका मुलाकडून चुकून पंधरा कप फुटले आणि दुसऱ्याने चोरून खाऊ काढताना एक फोडला, तर धाकटी मुलं म्हणतात पंधरावाला जास्त वाईट. तसंच तुमच्या हातून काचेचा ग्लास फुटला की हा समोर येऊन सांगणार, आता तू कोपऱ्यात बस. आजोबा तोंडात घास असताना बोलले तर पंक्तीत सगळ्यांदेखत सांगणार. याला उद्धटपणा म्हणू नका. "चुकून आणि मुद्दाम यात फरक असतो" हे समजवायला याहून चांगली वेळ मिळणार नाही, आणि आजोबांचं म्हणाल तर, बोलत होते ना ते तोंडात घास असताना?

‘आम्ही पण असेच वाढलो की’

हा आक्षेप पहिला येतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. बहुतेक मुलं सूर पकडतात आणि टोमण्यांवर वाढूनही धडधाकट होतात. पण एक फरक आहे. पूर्वी घरात माणसं जास्त होती, आई "सांड अजून" म्हणाली की शेजारी बसलेली काकू पोराचा हात धरून म्हणायची, "अरे ठेव ती वाटी, आई चिडलीय." म्हणजे एकाच्या टोमण्याचा अर्थ सरळ भाषेत सांगणारं दुसरं माणूस कायम हजर असायचं. आता टू बीएचकेमध्ये एक थकलेलं मोठं माणूस आणि एक मूल, मग टोमणा तसाच्या तसा पोचतो. आणि ज्यांना तेव्हाही काकूने समजावलं नाही त्यांना आज पन्नाशीत विचारा, बोहारणीचा किस्सा सगळ्यांनाच हसत सांगता येत नाही.

‘तो मुद्दाम करतो, मला माहितेय’

करतही असेल. ओळखायची एक बरी खूण म्हणजे, शब्द धरल्याने त्याचा तोटा होतो तेव्हाही तो धरतो का? "एकच बिस्कीट मिळेल" म्हटल्यावर दुसरं कोणी आग्रहाने देत असताना नाही म्हणतो का? मित्रांनी चेष्टा केली तर ती खरी समजून रडतो का? मग ते खरं आहे. उलट फक्त गैरसोयीच्या हुकमांनाच शब्द धरतो आणि ताक ओतताना डोळ्याच्या कोपऱ्यातून तुमच्याकडे बघून गालात हसतो, तर तुमचा टोमणा त्याला कळलाय आणि तो तुमच्यावरच उलटवतोय. ही खरं तर प्रगती आहे, पण ताक तरी पुसायला लावाच. गंमत म्हणजे दोन्ही केसमध्ये तुम्ही बोलायचं वाक्य एकच आहे: "वाटी खाली ठेव." त्यामुळे मुद्दाम की खरं याचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरजच नाही.

‘एक ठेवून दिली की बरोबर कळतं’

ठेवून दिल्यावर मूल थांबतं हे खरं, पण काय करायला हवं होतं ते त्यात कुठे सांगितलेलं असतं? अमेरिकेत एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, जवळपास दीड लाखाच्या वर मुलांची माहिती त्यात होती, आणि चापट्या खाणारी मुलं जास्त ऐकणारी निघाली नाहीत, मारकुटेपणा आणि मानसिक त्रास मात्र त्यांच्यात जास्त दिसला. शाळेत तर शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेलाही बंदी आहे आणि मानसिक छळालाही. शब्द धरणारं मूल यातून आणखी एक नियम काढतं, मोठा लहानाला मारू शकतो, आणि मग धाकट्या भावंडावर तो नियम अगदी इमानदारीत लावतं.

‘सगळं सरळच बोललं तर मराठी येणार कशी त्याला?’

हा आक्षेप मला आवडतो. डोकं खाणं, नाकी नऊ येणं, हात वर करणं, पोटात कावळे ओरडणं, हे सगळं सोडून द्यायचं? मुळीच नाही. फक्त रागावण्याच्या वेळी नको, गप्पांच्या वेळी भरपूर. "माझ्या पोटात कावळे ओरडतायत, म्हणजे मला खूप भूक लागलीय" असं अर्थासकट बोला. एक वही करा, एका बाजूला खरोखरचे कावळे पोटात काढायचे, दुसऱ्या बाजूला खरा अर्थ, या मुलांना असला संग्रह जमवायला प्रचंड आवडतो आणि थोड्या दिवसांनी ती स्वतःच शिकार करून नवीन आणतात. गंमत करताना सांगून टाका, "मी गंमत केली." विनोद समजावून सांगितला की मरतो म्हणतात, पण इथे आपल्याला विनोद जगवायचा नसून पोराला तो कळवायचाय.

न्यू जर्सी, लंडन किंवा अगदी बंगळुरूमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलांच्या बाबतीत हे जास्त लागू पडतं, कारण त्यांच्या कानावर मराठी दोन-तीन माणसांचीच पडते. तिथल्या मुलाला "डोकं खाऊ नको" कळलं नाही तर तो शब्द धरणारा असेलच असं नाही, त्याने ते कधी ऐकलंच नसेल.

मग डॉक्टरांना कधी दाखवायचं

फक्त शब्द धरून बसतो एवढ्यावरून कुठलंही निदान होत नाही आणि करूही नये. पण सोबत बाकी काही असेल तर दाखवावं: नावाने हाक मारली तरी बघत नाही, लहानपणी बोट करून "ते बघ" असं दाखवायचा नाही, बरोबरीच्या मुलांशी खेळणं जमत नाही, रोजचा रस्ता बदलला तर आकांत करतो, मिक्सरचा आवाज किंवा कपड्याचं लेबल सहन होत नाही, किंवा सात-आठ वर्षांनंतरही साधी चेष्टा अजिबात कळत नाही. ऑटिझममध्ये, म्हणजे स्वमग्नतेत, शब्द धरणं पुष्कळदा दिसतं, आणि २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत सामाजिक संवादाचा एक वेगळा विकारही घातला गेला ज्यात मनातला अर्थ न कळणं हाच गाभा आहे पण ऑटिझमची बाकीची लक्षणं नसतात. आधी मुलाचे कान मात्र तपासून घ्या, थोडं कमी ऐकू येणाऱ्या मुलाला शब्द पोचतात आणि सूर निसटतो असं होऊ शकतं.

खासगी तज्ज्ञ परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, २०१३ मध्ये तो सुरू झाला तोच आपल्या पालघरमधून, त्याची पथकं अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत मुलं तपासायला येतात आणि पुढे जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पाठवतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत वाचा आणि श्रवणाची तपासणी होते. ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, त्यामुळे प्रमाणपत्र आणि सवलती मिळू शकतात. निदान झालं तरी वर सांगितलेलं सगळं तसंच लागू आहे, त्यात एवढंच वाढवा की बदल आधी सांगायचा, शक्यतो चित्र काढून, आणि "माझ्या डोळ्यात बघून बोल" हा हट्ट सोडायचा, बऱ्याच ऑटिस्टिक मुलांना डोळ्यात बघताना ऐकणं जमत नाही. गोंगाटाने किंवा बदलाने कोलमडलेल्या मुलाला त्या क्षणी शिस्त लावता येत नाही, आधी शांत जागा, बोलणं मागाहून.

शाळेत आणि आजोळी काय सांगायचं

घरात तुम्ही सुधाराल पण बाईंनी वर्गात "बाहेर जायचंय का तुला?" असं दरडावलं की हा "हो" म्हणून दप्तर उचलून निघणार, आणि संध्याकाळी डायरीत लाल शाईने ‘उलट उत्तरे देतो’ असं येणार. म्हणून वर्ष सुरू होतानाच बाईंना भेटा. लांबलचक मानसशास्त्र सांगत बसू नका, चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात त्यांना तेवढा वेळ नसतो. एक चिठ्ठी पुरते: याला प्रश्न विचारून रागावू नका, काय करायचं ते सांगा, टोमणा कळत नाही, बाहेर जा म्हटलं तर खरंच जाईल, गेटच्या वॉचमनलाही कल्पना द्या. यातलं ‘खरंच जाईल’ हे वाचलं की बाई बाकीचंही नक्की लक्षात ठेवतात.

आजोळी चिठ्ठीचा उपयोग नाही. तिथे मुलालाच एक वाक्य शिकवून पाठवा, "आजी, हे खरं की गंमत?" पहिल्या दिवशी आजी म्हणेल काय आगाऊ पोर आहे, दोन दिवसांनी तीच बोहारणीची थाप मारून झाल्यावर स्वतःहून म्हणते, "गंमत रे बाबा, गंमत."